नाकावर सैल, कानामागे पक्का

माणूस चष्मा कसा काढतो यावरून काकांना त्याच्याबद्दल बरंच कळे. दोन्ही हातांनी काड्या धरून, सरळ पुढे ओढून चष्मा काढणारी माणसं जगात फार थोडी. त्यांतली निम्मी डोळ्यांचे डॉक्टर आणि उरलेली निम्मी त्या डॉक्टरांसमोर बसलेली. बाकीचे लोक एका हाताने काडी खेचतात, चष्मा कपाळावर चढवून मग घरभर शोधतात, बोलताना काडीचं टोक चावतात, वाद घालताना तो हवेत फिरवतात आणि वाद हरत आला की पुसायला घेतात. काका हे सगळं आरशातून बघत. समोरून बघितलं की माणूस शहाण्यासारखा वागतो, असा त्यांचा अनुभव होता.

चौतीस वर्षं ते एकाच दुकानात, खिडकीजवळच्या एकाच उंच स्टुलावर बसून फ्रेम बसवत होते. नंबर काढणारे वेगळे, काच घासणारे वेगळे. काकांचं काम त्यानंतरचं: तयार चष्मा त्याच नाकावर आणि त्याच कानांवर असा बसवायचा, की तो आपल्या तोंडावर आहे हे माणसाने विसरावं. त्यासाठी तीन पकडी, गरम हवा सोडणारं एक यंत्र आणि अंगठ्यांचा अंदाज एवढंच त्यांना पुरे. कोणाचेही दोन्ही कान एका उंचीवर नसतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण ते गिऱ्हाइकाला सांगत नसत. उगाच मनाला लागतं. दुकानातली मंडळी त्यांच्या माघारी त्यांना ‘पाव मिलिमीटर’ म्हणत, कारण त्याहून मोठी चूक ही काकांच्या लेखी चूक नव्हतीच, अपघात होता. सायकलवरून पडलेल्या एका पोस्टमनच्या हनुवटीला पाच टाके पडले पण चष्मा जागचा हलला नाही, ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या नोकराला पहिल्याच दिवशी ऐकावी लागे. काका स्वतः ती कधी सांगत नसत. कोणी सांगायला लागलं तर थांबवतही नसत.

दुकानाची मालकीण ही आधीच्या मालकांची मुलगी. तिचा सातव्या वर्षीचा पहिला चष्मा काकांनीच बसवला होता. त्यामुळे ते तिला गिऱ्हाइकासमोर मॅडम आणि एरवी बाळ म्हणत. गिऱ्हाईक अर्धवट दारात असलं की त्यांची जरा पंचाईत होई.

तिनेच दुकानात स्मार्ट चष्मे आणले. वेगळं काचेचं कपाट आलं, त्याला निळा दिवा आला आणि दोन दिवसांसाठी कंपनीकडून एक इस्त्रीबंद तरुण शिकवायला आला. हा चष्मा फोनशी जोडलेला असतो, तो ऐकतो, बोलतो, फोटो काढतो, आणि त्याला हुकूम द्यायच्या सात खुणा आहेत, असं त्याने सांगितलं. उजव्या काडीवर बोटाने एकदा टकटक केलं की फोन उचलला जातो, दोनदा केलं की फोटो निघतो. बोट पुढे सरकवलं की आवाज वाढतो, मागे सरकवलं की कमी होतो. बोट धरून ठेवलं की चष्मा कान टवकारतो आणि तोंडी हुकूम ऐकतो. मान दोनदा वरखाली केली की ‘हो’, आडवी हलवली की ‘नको’. याशिवाय उजव्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला, बिजागरीच्या अलीकडे, एक खरीखुरी दाबायची कळ होती. तिला काय काम द्यायचं ते फोनमधून ठरवता येई. लहान मूलसुद्धा हे पाच मिनिटांत शिकतं, असं तो तरुण म्हणाला. काकांनी विचारलं, लहान मुलांना हा कितीला देणार? तो हसला, मग काका हसत नाहीयेत हे बघून त्याने माहितीपुस्तिका पुढे केली.

माहितीपुस्तिका छप्पन्न पानांची होती. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीने, दोनदा वाचलेला माणूस त्या कंपनीतही असेल की नाही शंका आहे. दुकानात एकच होता.

महिन्याभरात तक्रारी यायला लागल्या. एक संगीतशिक्षक मानेने ताल धरत आणि शिकवता शिकवता आलेला प्रत्येक फोन उचलत. एका वकिलांना दर मिनिटाला काडीला हात लावून चष्मा सारखा करायची सवय होती. त्यांच्या फोनमध्ये आठवड्यात नऊशे फोटो जमले, बहुतेक समोरच्या वकिलाचे, आणि त्यातून एक वेगळंच प्रकरण उभं राहत होतं. कंपनी सगळ्यांना एकच सांगे, की थोडा सराव करा, सवय बदला. काकांना हे उलटं वाटे. चष्मा परवा आलाय, सवय चाळीस वर्षांची आहे. कोणी कोणाकडे बघून वागायचं हे उघड आहे. ते गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवत, एकच प्रश्न विचारत, “दिवसभर काय करता?” आणि ते करून दाखवायला लावत. संगीतशिक्षकांच्या मानेच्या खुणा त्यांनी बंद करून टाकल्या. वकिलांची फ्रेम अशी बसवली की ती सारखी करायला काही उरलंच नाही. आठवड्याने वकील येऊन म्हणाले, की आता कोर्टात हाताचं काय करायचं ते कळत नाही. काकांनी त्यांना पेन सुचवलं.

शिवणकाम करणाऱ्या बाई दुकानात आल्या त्या आपल्या मुलीच्या मागून. मुलीच्या हातात चष्म्याचा डबा होता आणि चेहरा तो डबा परत करायला आलेल्या माणसाचा होता. ती दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत कामाला होती. आई इथे एकटी राहत होती, बाहत्तर वर्षांची, दोन खोल्यांत, शिलाई मशीनसह. सहा महिन्यांपूर्वी आईला अर्धांगाचा हलका झटका आला. ती स्वयंपाकघरात पडली आणि फोन पलीकडच्या खोलीत मशीनवर राहिला. शेजारणीला कळेपर्यंत तीन तास गेले. आई त्यातून बरी झाली, चालू फिरू लागली, शिवूही लागली. मात्र बोलणं थोडं सावकाश झालं आणि उजवा हात उचलला की थरथरायला लागला. मुलीने ठरवलं, की आईने आता आपल्याकडे यायचं. तिच्या घरात मशीन ठेवायला जागा नव्हती, आणि आईला मशीनशिवाय जायचं नव्हतं. शेवटी तडजोड निघाली. मुलीने हा चष्मा आणला आणि एक महिना दिला. कुठेही असताना आईला त्यावरून फोन लावता आला तर तिने इथेच राहावं. नाही आला तर सामान बांधायचं.

महिन्यातले नऊ दिवस उरले होते. मुलीने काकांसमोर फोन धरला. त्यात आईच्या चष्म्यातून आपोआप येणारे चारशे फोटो होते: छताचे, पंख्याचे, एका कानाचे, थरथरत्या तळहाताचे.

“आईने मला एकदाही फोन लावलेला नाही,” मुलगी म्हणाली. “फोटो मात्र रोज येतात.”

“छत... रंगवायला झालंय,” आई सावकाश म्हणाली. “तुला दिसलं, बरं झालं.”

थरथरतं बोट काडीवर ठेवलं की बहुतेक वेळा दोनदा टकटक होई. काकांनी आईला विचारलं, की तोंडी सांगून बघितलं का. बघितलं होतं. मुलीचं नाव घ्यायच्या आधी त्या श्वास घेत, तेवढ्यात चष्म्याला वाटे की बाईंचं बोलणं संपलं, आणि तो मान टाकी. काकांनी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. चष्म्याने किती वेळ वाट बघायची ते वाढवता येत होतं, पण जास्तीत जास्त चार सेकंद. बाईंना साडेचार लागत. काकांनी ही अर्ध्या सेकंदाची गोष्ट मनाला फार लावून घेतली.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, शिवते. काकांनी त्यांना दुसऱ्या दिवशी हातातलं काम घेऊन यायला सांगितलं. मुलगी म्हणाली, की दुरुस्ती चष्म्याची करायची आहे, आईची नाही. काका म्हणाले, “अजून ते नक्की ठरलेलं नाही.”

मुलगी आपल्या गावी परत गेली. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी ती येणार होती, परीक्षा घ्यायला आणि बहुधा सामान बांधायला. बाई दुसऱ्या दिवशी एकट्या आल्या, एका घेरदार स्कर्टची उलगडलेली पट्टी घेऊन. काकांनी त्यांना खिडकीजवळ बसवलं, नाकावर त्यांचाच जुना, साधा चष्मा ठेवायला सांगितलं आणि स्वतः पाठ करून आरशापाशी पकडी पुसत बसले.

बाईंनी टाचण्या ओठांत धरल्या, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान चढवलं आणि काम सुरू केलं. पहिल्या दोन मिनिटांत उजवा हात थरथरला, कारण काका आहेत हे त्यांच्या ध्यानात होतं. मग त्या ते विसरल्या आणि हातही विसरला. टाका मागून टाका, सारख्या अंतराने. थोड्या वेळाने मान खाली असल्याने जुना चष्मा नाकावरून घसरला. डाव्या हातात कापड, उजव्या हातात सुई. बाईंनी उजवं मनगट वर नेलं, मनगटाच्या पाठीने चष्म्याचा खालचा उजवा कोपरा वर ढकलला आणि हात परत कामाला आला. थरथर नाही, चाचपडणं नाही. दहा मिनिटांत असं सहा वेळा झालं. सहाही वेळा मनगट त्याच जागी, बिजागरीच्या अलीकडे, खालच्या अंगाला लागलं.

काकांनी पकड खाली ठेवली.

“ताई, हे कधीपासून करता?”

“काय?”

“हे मनगटाचं.”

बाईंनी मनगटाकडे बघितलं, जणू कोणीतरी त्यांच्या मालकीची एखादी वस्तू त्यांच्याच घरातून काढून दाखवली होती. त्या म्हणाल्या, मी असं काही करत नाही.

पुढचं काम काकांच्या दृष्टीने सरळ होतं. कंपनीने ती दाबायची कळ नेमकी त्याच कोपऱ्याखाली ठेवली होती. बाईंची ओळख नसताना, हे कंपनीच्या बाजूने सांगायला हवं. काकांनी काडीवरच्या टकटकीच्या सगळ्या खुणा बंद केल्या, मानेच्याही. कळ नुसती दाबली तर काही होणार नाही, पण दाबून धरली तर मुलीला फोन लागेल, असं ठरवलं. कळ मनगटाला सहज सापडावी म्हणून नाकावर टेकणारी एक मऊ रबरी चकती निम्मी कापून तिच्यावर चिकटवली. मग त्यांनी चष्मा बाईंच्या चेहऱ्यावर बसवला, आणि तो असा बसवला की मालकीणसुद्धा गल्ला सोडून बघायला आली.

बाईंना सांगितलं, दाबा. त्यांनी मन लावून हात उचलला, हात थरथरला, मनगट काचेवर आपटलं. परत. या वेळी भुवईवर. काका म्हणाले, मुद्दाम करू नका, शिवत राहा, आपोआप होईल. बाई शिवत राहिल्या. पाऊण तास शिवलं. स्कर्टची अख्खी पट्टी संपली आणि हात एकदाही वर गेला नाही.

दोन दिवस असंच चाललं. बाई येत, शिवत, जात. मुद्दाम केलं की हात बिथरे, आणि आपोआप होण्याचा प्रसंगच येईना. तिसऱ्या दिवशी बाईंनी जाताना काकांची समजूत घातली. चष्मा फार छान बसलाय, भाऊ, त्या म्हणाल्या, असा कधी बसला नव्हता, नाकावर आहे हे कळतच नाही. वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला. त्या वेळात काकांना सगळं कळलं.

चष्मा घसरत नव्हता. घसरत नव्हता म्हणून मनगट वर जात नव्हतं. चौतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोक रांगेत उभे राहिले, तीच आड आली होती.

काकांनी त्यांना परत बसायला सांगितलं आणि चष्मा हातात घेतला. बराच वेळ नुसताच घेतला. मग नाकावरच्या चकत्या एकमेकींपासून लांब केल्या, आणखी लांब केल्या. काड्यांची कानामागची वळणं मात्र गरम करून जास्त खोल वळवली, म्हणजे चष्मा नाकावरून हवा तेवढा खाली येईल, पण कितीही आपटला तरी कानावरून सुटणार नाही. मालकीण मागे येऊन उभी राहिली होती. बाईंनी तो घातला, मान वाकवली आणि चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला.

“काका,” मालकीण हळूच म्हणाली, “हा सैल आहे.”

“आहे,” काका म्हणाले. त्या शब्दासाठी त्यांनी किती मोजलं ते मालकिणीला ठाऊक होतं. त्या दिवशीचा चहा तिने स्वतः आणून दिला.

बाईंचं मनगट वर गेलं, कोपऱ्याला लागलं, चष्मा जागेवर आला. काका म्हणाले, आता पुढच्या वेळी एकच करा, ढकलल्यावर हात लगेच काढू नका. तिथेच ठेवा आणि मनात तीन टाके मोजा. बाईंना सेकंद मोजायला सांगितले असते तर त्या घाबरल्या असत्या. टाके त्या पन्नास वर्षं मोजत होत्या. पाचव्या खेपेला मनगट गालाच्या हाडावर टेकून स्थिर राहिलं, तीन टाके झाले, आणि दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत फोन वाजला. मुलगी घाबरून म्हणाली, आई, काय झालं? आईला काय बोलायचं ते आधी ठरवलेलं नव्हतं. तिने सांगितलं, की स्कर्ट झाला.

परीक्षेच्या रविवारी बाईंनी काकांनाही घरी बोलावलं. खोली लहान होती, खिडकीखाली मशीन, भिंतीला रिळांची फळी, आणि दारापाशी मुलीने आणलेली दोन रिकामी खोकी, घडी न उलगडलेली. मुलगी जिन्यात जाऊन उभी राहिली. आईने मशीनवर बसून फोन लावला; लागला. ओट्यापाशी उभं राहून लावला, लागला. मुलगी वर आली. तिचा चेहरा सैल झाला नव्हता.

“पडल्यावर?” ती म्हणाली. “काका, बसून आणि उभं राहून ती मला हाकही मारू शकते. मला भीती पडल्यावरची आहे.”

काका काही बोलायच्या आत बाईंनी साडीचा पदर खोचला आणि स्वयंपाकघराकडे गेल्या. ओट्याला धरून त्या खाली बसल्या, मग फरशीवर कुशीवर आडव्या झाल्या, सहा महिन्यांपूर्वी जिथे तीन तास पडून होत्या त्याच जागी. मुलगी पुढे झाली. आईने तिला हाताने जिन्याकडे पिटाळलं.

मुलगी गेली. काका दारात उभे राहिले. या वेळी बघायला आरसा नव्हता. फरशीवर डोकं टेकल्यामुळे चष्मा वाकडा होऊन एका डोळ्यावरून उतरला होता. कानामागची वळणं धरून होती. काका फरशीकडे बघत राहिले. बाईंनी पहिल्यांदा मुद्दाम हात उचलला, तो थरथरला आणि चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. काकांना काहीतरी सांगावंसं वाटलं आणि त्यांनी ते गिळलं, कारण सांगितलेलं काहीही बाईंच्या हाताला सोसत नव्हतं, एवढं त्यांना कळलं होतं. बाई थांबल्या. समोर ओट्याखाली त्यांना काहीतरी दिसलं असावं, त्या डोळे बारीक करून तिकडे बघू लागल्या. वाकड्या चष्म्यातून नीट दिसेना. मनगट वर आलं, चष्मा सरळ झाला, आणि मनगट तिथेच राहिलं.

जिन्यात फोन वाजला.

मुलगी वर आली तेव्हा रडत होती, आणि आई फरशीवरूनच तिला सांगत होती, की ओट्याखाली मशीनचं बॉबिन पडलंय, दोन महिने शोधत होते, ते आधी काढ.

खोकी मुलगी परत घेऊन गेली. खरं तर ती विसरून जात होती. आईने आठवणीने तिच्या हातात दिली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मुलीचा दुकानात फोन आला. तिने काकांची चौकशी केली, आभार मानले, हवापाण्याचं बोलली. मग जरा घुटमळत म्हणाली, की तसं सगळं उत्तम आहे, फक्त आई दिवसातून नऊ-दहा वेळा फोन करते. काल मीटिंग चालू असताना तिने विचारलं, की माझ्या लहानपणीच्या फ्रॉकची बटणं ठेवायची की कोणाला द्यायची.

“काका, तो चष्मा जरासा घट्ट नाही का करता येणार? अगदी थोडासा?”

काकांनी विचारलं, तुम्ही बटणांचं काय सांगितलंत?

ठेव म्हणाले, ती म्हणाली.

“मग तो बरोबर बसलाय,” काका म्हणाले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला त्यांनी खुणेनेच चष्मा काढायला सांगितलं. गिऱ्हाइकाने तो एका हाताने काडी खेचून काढला.